'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे चित्रपट मूळ कादंबरीला न्याय देतात का?

बऱ्याच अंशी देतात. एके ठिकाणी तर ते कादंबरीच्याही पुढे जातात, असं माझं ठाम मत आहे: जादुई अंगठी नष्ट करायला निघालेल्या चमूतल्या बोरोमीर या योद्ध्याचा मृत्यू. कादंबरीकार टॉल्किननं त्याची शेवटची लढाई प्रत्यक्ष दाखवलेलीच नाही. दुसऱ्या खंडाच्या सुरुवातीला त्याचा साथीदार ॲरॅगॉर्न धावत पोहोचतो, तेव्हा बोरोमीर झाडाला टेकून अखेरच्या घटका मोजत असतो. दिग्दर्शक पीटर जॅक्सननं २००१ च्या पहिल्या चित्रपटातच हा प्रसंग शेवटाकडे आणला. बाण छातीत घुसतो, बोरोमीर गुडघ्यांवर येतो, मेरी आणि पिपिन या हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतल्या, साथीदारांकडे बघतो आणि पुन्हा तलवार चालवायला उठतो. अंगठीच्या मोहात पडलेला माणूस आपली अब्रू परत मिळवताना दिसतो. माझ्या डोळ्यांत दर वेळी पाणी येतं.

त्याच्या भावावर, फारामीरवर, मात्र अन्याय झालाय. ही अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही, असं पुस्तकात सांगणारा हा माणूस चित्रपटात अंगठी वाहून नेणाऱ्या हॉबिटला, फ्रोडोला, कैद करून ओस्गिलिआथ शहरापर्यंत नेतो! शेवटी सोडतो, पण तोवर त्याचं वेगळेपण गेलेलं असतं.

पुस्तकातलं टॉम बॉम्बाडिल हे पात्र चित्रपटात गाळलं ते ठीकच, कथा त्याच्यावाचून अडत नाही. पण मोहिमेवरून परतलेल्या चार हॉबिटांना शायर हा आपलाच मुलूख उद्ध्वस्त झालेला दिसतो आणि ते स्वतः लढून तो सोडवतात, हे प्रकरण वगळायला नको होतं. प्रवासात हे चौघं किती बदलले, ते तिथेच कळतं. तेवढ्यासाठी तरी तिसरा खंड वाचाच.