मेस बंद करण्याआधी नाश्त्याचा हिशेब

प्रश्न: मी परभणी जिल्ह्यातला. पुण्यात बी. फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही तिघं मित्र धनकवडीत खोली घेऊन राहतो. घरून महिन्याला ९,००० रुपये येतात. त्यातले ३,५०० खोलीभाड्याला जातात आणि ३,४०० दोन वेळच्या मेसला. सकाळचा चहा-नाश्ता बाहेर, रोजचे ४० रुपये. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते, तेव्हा १८० रुपयांच्या आसपास जातात. रात्री अभ्यास करताना भूक लागली की मागवतो, त्याचे महिन्याला ९०० होतात. पास, रिचार्ज, झेरॉक्स मिळून १,०००. पैसे पुरत नाहीत म्हणून ॲपवरचं पे-लेटर (आत्ता घ्या, पैसे नंतर भरा) वापरायला लागलो, त्याचे आता ४,२०० थकलेत. घरी सांगितलेलं नाही. खोलीतले दोघं म्हणतात, मेस बंद करू, हाताने करून खाऊ, १,५०० रुपयांत भागेल. सामानासाठी प्रत्येकी २,६०० काढायचं चाललंय. पप्पा म्हणतात, स्वयंपाकात वेळ घालवू नको, अभ्यास कर. आई म्हणते, तूरडाळ घरून पाठवते. कॉलेज नऊ ते पाच, त्यावर जर्नल, पुढच्या वर्षी जीपॅट, म्हणजे एम. फार्म.ची प्रवेश परीक्षा. मला चहासुद्धा धड येत नाही. काय करू?

उत्तर: स्वयंपाक शीक, पण मेस बंद करू नकोस. निदान यंदा तरी नको. या दोन गोष्टी एकमेकांविरुद्ध वाटतील. तू दिलेल्या आकड्यांवरूनच मी हे म्हणतोय, म्हणून हिशेब उलगडून सांगतो.

तुझी मेस महाग नाही. रविवारच्या चार संध्याकाळ सोडल्या तर महिन्याला ५६ जेवणं होतात, म्हणजे एक जेवण साधारण ६१ रुपयांना पडतं. पोळ्या, भाजी, वरण, भात, आणि नंतर भांडी घासायची नाहीत. मेसवाले दोनशे पोरांचा बाजार मार्केट यार्डातून पोत्याने उचलतात. तुम्ही तिघं कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो डाळ आणि पाव किलो टोमॅटो आणणार. त्या भावाशी तुमची बरोबरी होणार नाही.

मित्रांचा १,५०० चा आकडा मला पटत नाही. नुसतं डाळ, तांदूळ, पीठ धरलं की एवढाच येतो. तेल, भाजी, दूध, वीज आणि सडून फेकलेली कोथिंबीर त्यात धरलेली नसते. साधी मसालेखिचडी घे. तिघांसाठी ४०० ग्रॅम तांदूळ २२ रुपयांचे, २०० ग्रॅम डाळ २६ ची, तेल ६, कांदा-बटाटा-टोमॅटो २०, मसाला ५. घरमालक युनिटला १२ रुपये लावत असेल तर अर्ध्या युनिटचे ६. झाले ८५, माणशी २८. सोबत एक अंडं किंवा वाटीभर दही घेतलं की ४० च्या घरात जातं. दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतील, पण तिसाच्या खाली पोटभर रात्रीचं जेवण बसवणं कठीण आहे.

आता समजा तू दुपारची मेस ठेवलीस आणि फक्त रात्रीची सोडलीस. पुण्यात एक वेळची मेस निम्म्या पैशांत मिळत नाही. तुझी ३,४०० ची असेल तर एक वेळेचे १,९०० तरी घेतील. म्हणजे सुटले १,५००. त्यातून २६ रात्रींचे ४० रुपयांप्रमाणे १,०४० गेले. उरले ४६०.

पाळी लावली तर महिन्यात नऊ रात्री तुझ्या वाट्याला येतात. चिरणं, शिजवणं, भांडी, ओटा पुसणं धरून नवख्या माणसाला दीड तास लागतो. त्यात बाजारहाट मिळवला की महिन्याचे पंधरा तास. पंधरा तासांत ४६० रुपये, म्हणजे तासाला तीस. तेही सगळं सुरळीत झालं तर. महिन्यात चार रात्री तिघांपैकी कुणीच उभं राहिलं नाही आणि बाहेर १५० रुपयांचं जेवलात, तर ४० च्या जागी १५० गेले. चार वेळचे ४४० जादा. तुझी बचत तिथेच संपली. सबमिशनच्या आठवड्यात अशा चार रात्री येणार हे तूही जाणतोस.

हेच पंधरा तास जीपॅटच्या बाजूला ठेवून बघ. जीपॅट पात्र होऊन मान्यताप्राप्त महाविद्यालयात एम. फार्म.ला पूर्णवेळ प्रवेश घेतला तर एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची १२,४०० रुपये महिना शिष्यवृत्ती आहे, दोन वर्षांसाठी. पप्पांना हा आकडा माहीत असो-नसो, त्यांचं म्हणणं इथे बरोबर ठरतं. मात्र ते फक्त रात्रीच्या जेवणापुरतं बरोबर आहे.

कारण तुझे पैसे मेसमध्ये जात नाहीयेत, मेसच्या आजूबाजूला जातायत. भाडं आणि मेस वजा जाता तुझ्या हातात २,१०० उरतात. नाश्त्याचे २६ दिवसांचे १,०४०, रविवारचे ७२०, रात्री मागवलेलं ९००. हे झाले २,६६०. त्यावर पास-रिचार्जचे १,०००. दर महिन्याला १,५६० रुपयांची तूट येते, आणि ती पे-लेटरमध्ये साठत गेली.

स्वयंपाकाची गरज या तीन जागांवर आहे. सकाळी तिघांसाठी पाव किलो पोहे केलेस तर कांदा, शेंगदाणे, तेल धरून ३६ रुपये होतात. चहा माणशी ८. म्हणजे डोक्याला २० रुपयांत नाश्ता आणि महिन्याला ५२० ची बचत. तू परभणीकडचा, तर सुशीलापासून, म्हणजे फोडणीच्या ओल्या चुरमुऱ्यांपासून, सुरुवात कर. पोह्यांपेक्षा सोपी आहे. फोडणी आधी करून ठेवायची. मोहरी, जिरं, हिरवी मिरची, कांदा, शेंगदाणे, हळद. मग चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच वर काढायचे, मुठीत पिळायचे आणि थेट कढईत टाकायचे. पाण्यात जास्त वेळ राहिले तर लगदा होतो, शिकायचं आहे ते एवढंच. वरून डाळव्याचं कूट आणि लिंबू. चहा उकळेपर्यंत तयार.

रविवारी संध्याकाळी वरची खिचडी. १८० च्या जागी ४०, महिन्याचे ५६० वाचले. ती तिघांनी मिळून करा. एकाने चिरायचं, एकाने फोडणी, एकाने भांडी. पहिल्या दोन-तीन रविवारी खालून लागेल, पाणी कमी-जास्त होईल. रविवारी त्याने काही बिघडत नाही, सोमवारी सकाळी प्रॅक्टिकल असताना बिघडतं. शिकायला हा वार चांगला.

रात्रीच्या भुकेला आईकडून दोन गोष्टी मागव: मेतकूट आणि येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसाला घातलेलं पीठ). कुकरमध्ये मऊ भात लावायचा, वर मेतकूट आणि चमचाभर तूप. किंवा येसर पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीवर ओतायचं, उकळी आली की आमटी झाली. ॲपवरची ऑर्डर येईपर्यंत तू जेवून परत पुस्तकाशी बसलेला असशील. मागवणं पूर्ण थांबेल असं मी धरत नाही. निम्मं थांबलं तरी ४५० वाचले.

तिन्ही मिळून १,५३०. तूट १,५६० ची आहे, म्हणजे भोक जवळजवळ बुजतं. यात तुझ्या वाट्याचे महिन्याला दहा तास जातील. तासाला दीडशे रुपये पडतात, तेही मेसची दोन्ही जेवणं शाबूत ठेवून. तू कोणत्या जेवणाचा स्वयंपाक करतोस यावर एवढा फरक पडतो, आणि घरी करायचं की बाहेर या वादात नेमकं हेच कुणी बघत नाही.

आईच्या डाळीबद्दल. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० आहे. क्विंटलभर तुरीतून डाळ साधारण ७० किलो पडते. म्हणजे विकली असती तर ८० रुपये किलोने जाणारी तूर डाळ होईपर्यंत ११४ ला पडते, भरडाई आणि पुण्यापर्यंतचं पार्सल वेगळं. दुकानातली १३० धरली तर फरक फार उरत नाही. घरची डाळ फुकट असते असं धरून महिन्याचं गणित मांडू नकोस, कारण तिचे पैसे पप्पांच्या खिशातून गेलेले असतात. चवीसाठी जरूर आण. मसाला, शेंगदाण्याची चटणी, येसर मात्र घरचंच हवं. ते इथे त्या भावात आणि त्या चवीत मिळत नाही.

सामानाला प्रत्येकी २,६०० देऊ नकोस. जुना फ्रिज, मिक्सर, नॉनस्टिकचा सेट यातलं काहीही आत्ता लागत नाही. इंडक्शन शेगडी साधारण २,०००, तिच्यावर चालणारा तीन लिटरचा कुकर १,५००, एक कढई ६००, सुरी-पाट-डबे ४००. एकूण ४,५००, तुझ्या वाट्याचे १,५००, पहिल्या महिन्याच्या बचतीत वसूल. आणि सामाईक वर्गणी काढू नका. शेगडी एकाची, कुकर एकाचा, कढई आणि डबे तिसऱ्याचे, कमी-जास्त पैसे किराण्यात वळते करा. खोली सोडताना भांडणं होतात ती सामाईक वस्तूंवरून.

शेगडी घेण्याआधी दोन गोष्टी तपास. भाडेकरारात खोलीत स्वयंपाक चालतो की नाही ते वाच आणि घरमालकांना तोंडी विचार, नाहीतर डिपॉझिटमधून कापतील. दुसरं म्हणजे सॉकेट. २,००० वॅटची शेगडी नऊ अँपिअरच्या आसपास ओढते. मोबाइल चार्जरच्या लहान सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर ती लावायची नाही. खोलीत सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट नसेल तर तो बसवून घे किंवा कमी वॅटची शेगडी बघ. गॅसच हवा असेल तर तेल कंपन्यांचा पाच किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. किलोवर गॅस भरून देणाऱ्यांकडे अजिबात जाऊ नकोस. ते बेकायदा आहे आणि स्फोट झाला तर तुमच्या तिघांचा जीव जाईल. काही शेकड्यांच्या बचतीसाठी हा धोका घ्यायचा नाही.

मित्र तरीही मेस सोडणार असतील तर त्यांना सोडू दे. तू नाश्त्याला आणि रविवारला त्यांच्यात राहा, तेवढाच खर्च वाटून घे. महिन्याभराने तिघांचे आकडे शेजारी मांडा. कदाचित त्यांना छान जमेल. एकाला स्वयंपाकाची खरी आवड असेल तर वर धरलेला दीड तास पाऊण तासावर येतो, आणि मग मलाही रात्रीचा हिशेब नव्याने करावा लागेल.

पप्पांना एक गोष्ट मात्र सांग. बी. फार्म. झालेल्या मुलांना नोकऱ्या पुण्यातच मिळतात असं नाही. बद्दी, अंकलेश्वर, हैदराबाद, कारखाने जिथे तिथे जावं लागतं, आणि तिथे कोपऱ्यावर पोळी-भाजीची मेस नसते. पहिल्या पगाराची मुलं रोज दोन वेळ बाहेर जेवतात आणि सहा महिन्यांनी खात्यात काही नसतं, हे मी दरवर्षी बघतो. त्या दिवसासाठी वरण-भात, खिचडी, दोन भाज्या, अंड्याचा रस्सा एवढं यायला हवं. सुट्टीत घरी गेलास की आठ-दहा दिवस आईच्या शेजारी उभा राहा. मुलगा आहे म्हणून आजवर शिकवलं नसेल तर आता शीक. शिकताना खर्च घरच्या स्वयंपाकाचाच, आणि परीक्षा डोक्यावर नसते.

आणखी एक चौकशी कर. तुझा प्रवर्ग पत्रात नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयम्, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार अशा राज्याच्या योजना आहेत. पुण्यात राहणाऱ्याला वर्षाला ६०,००० पर्यंत मिळतात, त्यातले ३२,००० भोजनाचे. उत्पन्नाच्या आणि गुणांच्या अटी आहेत. बसत असशील तर अर्ज कर, पण हप्ता कधी येईल यावर महिन्याचा खर्च बांधू नकोस.

राहिले ४,२००. पे-लेटर म्हणजे कर्जच. थकलं की दंड वाढतो आणि नोंद क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतं याची माहिती ठेवणाऱ्या संस्थेकडे, जाऊ शकते. एम. फार्म.साठी शैक्षणिक कर्ज मागशील तेव्हा बँक ती नोंद बघेल. वरच्या बचतीतून हे फिटणार नाही, कारण ती तूट भरण्यातच जाते. दिवाळीला बारा दिवस घरी जाणार असशील तर मेसवाल्यांना आत्ताच सांगून ठेव. सलग दिवसांचे खाडे बहुतेक मेसमध्ये पैशांतून वजा करतात, पण आधी कळवलं तरच. ३,४०० च्या हिशेबाने बारा दिवसांचे १,३६० होतात. ते हातात न घेता थेट पे-लेटरला भर. उरलेल्या २,८४० साठी पप्पांशी बोल, दिवाळीपर्यंत न थांबता या आठवड्यातच. फोन करताना हा सगळा हिशेब कागदावर लिहून समोर ठेव: किती थकलं, का थकलं, पुढच्या महिन्यापासून कुठे थांबणार. पैसे आले की आधी थकबाकी भर, मग ॲपमधली ती सोय बंद कर, आणि त्यानंतर शेगडी घ्यायला जा.