भरले 4.8 लाख, कर्ज मिळणार 2 लाख. मग गाडी काढायची का?

पुण्याहून एका वाचकाचे पत्र आले आहे. वय 43, हातात पगार 95 हजार, घरखर्च 60 हजार, पत्नी गृहिणी, मुले 13 आणि 9 वर्षांची, शिवाय आई. दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या गाडीने रत्नागिरी, मालवण, गोवा, कारवार, उडुपी, मंगळुरू करत कोचीपर्यंत 12 दिवसांची सहल ठरते आहे. मुलांना वस्तुसंग्रहालये दाखवायची आहेत. अंदाजे खर्च 2 लाख. प्रश्न असा: मुदत ठेव (5 लाख) मोडावी की आयुर्विमा पॉलिसीवर कर्ज काढावे? आणि जाता जाता एक वाक्य: ‘चार वर्षांत 4.8 लाख भरूनही कर्ज 2 लाखच मिळेल म्हणतात, असे का?’

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत होते. ठेव मोडा. मुदतीआधी मोडल्याचा दंड साधारण अर्धा ते एक टक्का व्याजाचा, म्हणजे 2 लाखांवर वर्षाला फार तर दोन हजार. पॉलिसीवरचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी धरले तर 2 लाखांवर वर्षाला 19 हजार व्याज. ते फेडायला कोणी मागे लागत नाही, म्हणून ते फेडले जात नाही.

आता ते ‘जाता जाता’चे वाक्य. कर्ज भरलेल्या हप्त्यांवर मिळत नाही, पॉलिसी आज मोडली तर जे हाती येईल (सरेंडर मूल्य) त्याच्या 80-90 टक्के मिळते. तुम्ही पॉलिसी घेतली तेव्हाच्या नियमाने चार हप्त्यांनंतर किमान सरेंडर मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या निम्मे. म्हणजे 2.4 लाख, त्यावर कर्ज 2 लाख. बाकीचे 2.4 लाख बऱ्याच अंशी पहिल्या वर्षांच्या कमिशनमध्ये आणि खर्चात गेले. बँकेतल्या बाईंनी ‘एफडीसारखीच, वर विमा फुकट’ असे सांगून ती विकली, असे तुम्ही लिहिता. एफडीसारखी असती तर आज ती निम्म्यावर आली नसती.

वर्षाला 1.2 लाख, 20 वर्षे, विमा रक्कम 12 लाख. शेवटी 40 लाख मिळतील या आशेवर तुम्ही आहात. पॉलिसी घेताना दाखवलेला लाभाचा तक्ता पुन्हा काढून बघा. 40 लाख 8 टक्क्यांच्या गृहीतकाच्या रकान्यात आहेत. शेजारी 4 टक्क्यांचा रकाना आहे, त्यात 27 लाख दिसतात. या दोन्हींपैकी एकाही आकड्याची हमी नाही. 40 लाख आले तरी परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. 27 आले तर एक टक्क्याला जेमतेम पोचतो.

पण मला परताव्यापेक्षा ते 12 लाख जास्त टोचतात. घरात कमावणारे तुम्ही एकटे, आणि सगळे घर एकाच गाडीत बसवून महामार्गावर नेणार आहात. तुमचे काही बरेवाईट झाले तर 12 लाखांत घर 20 महिने चालेल. पॉलिसीवर कर्ज काढलेत तर ते दाव्यातून वजा होणार, मग सोळा-सतरा महिने. धाकटा तेव्हा अकरा वर्षांचाही नसेल. गाडीच्या विम्यात मालक-चालकाचे 15 लाखांचे वैयक्तिक अपघात कवच असते, पण ते फक्त अपघातासाठी आणि फक्त मालकासाठी. बाजूला व मागे बसणाऱ्यांचे कवच वेगळे घ्यावे लागते. ते निघण्याआधी विमा कंपनीकडून जोडून घ्या.

मुख्य काम मुदत विमा, म्हणजे टर्म इन्शुरन्स: मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम मिळते. 1 कोटी, वयाच्या साठीपर्यंत. तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता, म्हणून हप्ता 25 ते 30 हजार धरा. गोळी अर्जात लिहाच. लपवून वाचवलेले चार हजार दाव्याच्या वेळी कोटीला पडतात. अर्ज विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली केलात तर रक्कम पत्नी-मुलांचीच राहते. वैद्यकीय तपासणीसह दोन-तीन आठवडे जातात, तेव्हा अर्ज याच आठवड्यात.

मुदत विम्याची पॉलिसी हातात आल्यावरच जुनी सरेंडर करा, आधी नाही. येणारे 2.4 लाख आणि दर वर्षी वाचलेल्या हप्त्यातून विम्याचे 30 हजार जाऊन उरणारे 90 हजार पीपीएफमध्ये. तुमच्या खात्याची मर्यादा वर्षाला दीड लाख, म्हणून पत्नीच्या नावानेही खाते उघडा. आजच्या 7.1 टक्के दराने 16 वर्षांनी साधारण 34 लाख होतात. पॉलिसीच्या दोन रकान्यांच्या अगदी मधोमध. म्हणजे पैशांत फार फरक नाही, हे मी लपवत नाही. फरक कवचात आहे: 12 लाखांऐवजी 1 कोटी, तेवढ्याच पैशांत. ‘पेड-अप करून ठेवतो’, म्हणजे पुढचे हप्ते न भरता पॉलिसी तशीच ठेवतो, म्हणाल तर विमा रक्कम 4/20 होऊन 2.4 लाखांवर येते, आणि तुमच्या हाती ती येणार 16 वर्षांनी.

आता सहल. 12 दिवसांत कोची बसत नाही. किनाऱ्याने कोची बाराशे किलोमीटरच्या वर, बंगळुरूमार्गे परत चौदाशे. परतीचेच तीन दिवस नुसते स्टिअरिंगवर. मंगळुरूहून वळा. फिरण्यासह 2,000 किलोमीटर, लिटरला 15 धरून पेट्रोल 14 हजार, नऊ रात्री दोन खोल्या 50 हजार, जेवण 35 हजार, टोल-तिकिटे-होडी 11 हजार, हाताशी 10 हजार. एकूण 1.2 लाख. भाऊबीज उलटल्यावर निघा. 

वार चुकला तर एक रात्र जादा राहावे लागते, म्हणजे पाच-सहा हजार. रत्नागिरीचा थिबा राजवाडा आणि गोव्यात बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय सोमवारी बंद, ओल्ड गोव्याचे पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी. शनिवारी निघा. रविवारी सकाळी थिबा राजवाडा, सोमवार मालवणात सिंधुदुर्गासाठी, मंगळवारी बोगमाळो, बुधवारी ओल्ड गोवा, गुरुवारी कारवारला किनाऱ्यावर ठेवलेली ‘चपळ’ युद्धनौका पाहून उडुपी. तिथे कॉर्पोरेशन बँक 1906 मध्ये जिथे सुरू झाली त्या घरात नाण्यांचे संग्रहालय आहे. मुलांना तिथे निवांत वेळ द्या. फास्टॅगचा वार्षिक पास तीन हजारांच्या घरात पडतो आणि 200 फेऱ्यांना चालतो, पण फक्त राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर. वर्षात एवढी एकच सहल असेल तर आधी नाके मोजा, मग घ्या.