भुंड्या शेळीला शिंगांचं करडू कसं झालं?

प्रश्न : माझ्याकडे आठ उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यांत पाच भुंड्या. सांगोल्याच्या बाजारातून भुंडा बोकड आणला. तरी काही करडांना शिंगं फुटली. शिवाय भुंड्या शेळ्यांच्या दोन पाठी (तरुण माद्या) दीड वर्षाच्या झाल्या, माजावरच येत नाहीत. बोकडात खोट आहे का?
– एक शेळीपालक, मोहोळ

उत्तर : बोकड बदलण्याआधी जोड्या बदला. शेळ्यांत भुंडेपणाचा जनुक प्रभावी आणि शिंगांचा अप्रभावी असतो. करडाला आईकडून एक आणि बापाकडून एक प्रत मिळते. भुंडेपणाची एकच प्रत असली तरी शिंगं फुटत नाहीत, पण दबलेली शिंगांची प्रत पुढच्या पिढीत जाते. दोन भुंड्यांपासून शिंगांचं करडू झालं, म्हणजे दोघांकडेही ती प्रत आहे. अशा जोडीला सरासरी चारांत तीन करडं भुंडी होतात. चारच करडं मोजून मात्र हिशेब जुळेल असं नाही. आणि लहानपणी शिंगं डागलेलं जनावर भुंडं धरू नका.

पाठींचं दुखणं जास्त गंभीर आहे. मादी करडाला भुंडेपणाच्या दोन्ही प्रती मिळाल्या तर बीजांडकोश नीट घडत नाहीत. वरच्या जोडीत मादी करडांपैकी सरासरी चौथा हिस्सा असा निघतो. शेपटी वर करून पाहा : योनी आखूड, तिच्या खालच्या टोकाला दाण्याएवढा फुगीर उंचवटा, गुदद्वारापासूनचं अंतर जास्त. मोठेपणी बोकडासारखा वास येतो, दुसऱ्या शेळ्यांवर चढतात. काही तर जन्मतः बोकडच वाटतात, म्हणून ‘यंदा नरच जास्त झाले’ असा समज होतो. ही लक्षणं नसतील तर खुराक, वजन आणि जंत तपासा. माज न येण्याची ती कारणं कितीतरी जास्त आढळतात. लक्षणं असतील तर उपचार नाही, मटणासाठी विका.

पाच भुंड्या शेळ्या शिंगांच्या बोकडाकडूनच फळवा. निम्मी करडं भुंडी होतील, पण कुणालाही दोन प्रती मिळणार नाहीत. तुमचा भुंडा बोकड उरलेल्या तिन्ही शिंगवाल्या शेळ्यांना खुशाल वापरा.

प्रश्न : जुळ्यांचंही असंच सांगता येतं का?

उत्तर : शेळीत नाही. तिथे अनेक जनुकं, खुराक आणि वय सगळंच लागतं. मेंढीत मात्र असा एक जनुक आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तो बंगालच्या गॅरोल मेंढीतून दख्खनी मेंढीत आणला. त्याची एक प्रत असली तरी जुळ्यांचं प्रमाण वाढतं, आणि ती आहे की नाही हे रक्ताच्या तपासणीतून कळतं.