बेळगावात सामाजिक संस्थेत अकाउंटंटची नोकरी घ्यावी का? पगार कमी आहे, पुढे वाव आहे का?

तुमचं बी.कॉम. झालंय, टॅली येतं, अपंग मुलांच्या एका संस्थेत काम मिळतंय, पण उद्यमबागच्या कारखान्यात पगार जास्त, म्हणून अडलाय. मी खानापूरची. अशाच एका संस्थेत १४ वर्षं हिशेब बघते. माझं म्हणणं, जा. फक्त आधी त्यांचा मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट मागून बघा.

कारखान्यात आलेला पैसा मालकाचा. संस्थेतला बराचसा पैसा कुणीतरी ‘हा अमक्यासाठी’ म्हणून दिलेला असतो, आणि ते अमकं सांभाळणं हेच आपलं काम. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदमच चढल्या. पुरासाठी आमच्याकडे देणग्या आल्या. त्याच महिन्यात वसतिगृहाच्या प्रकल्पाचा हप्ता लांबला आणि मुलांच्या फिजिओथेरपिस्टचा पगार अडकला. बँकेत पैसे तर दिसत होते. आमच्या संस्थेचे सर म्हणाले, ‘आत्ता ह्यातून देऊ, हप्ता आला की वळते करू.’ मी नाही म्हटलं. पूरग्रस्तांच्या छपराचे पत्रे आणि चादरींसाठी दिलेले पैसे होते ते. सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी कुठलीही अट नसलेल्या देणग्यांतून अर्धा पगार दिला, अर्ध्यासाठी त्या बाईंना तीन आठवडे थांबावं लागलं. त्यांच्या घरी लहान मूल होतं. ते मला अजून आठवतं, तरी आजही मी तेच करीन. थंडीत देणगीदार आले, दोन तास फाइल चाळत बसले. पत्रा कुणाच्या घरावर चढला, ते सहीसकट होतं.

बाकी नियम शिकता येतात. उत्पन्नातला ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टावर खर्च व्हावा लागतो, नाहीतर साठवण्याचं कारण रीतसर कळवावं लागतं. परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यातले २० टक्क्यांहून जास्त प्रशासनावर खर्चता येत नाहीत. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी दिलेला निधी घेतला की विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आलंच. एवढं हाताखालून गेलं की हुबळी-धारवाड, पुणे, बेंगळुरूच्या मोठ्या संस्थांत फायनान्स ऑफिसरच्या जागेसाठी तुमचा अर्ज बाजूला पडत नाही. जमलं तर सोबत सीएमएच्या (कॉस्ट अकाउंटंटच्या) परीक्षा द्या.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट लागते, कन्नड वाचणं. सौंदत्तीकडच्या दुकानाचं बिल कन्नडमध्ये, आमची कार्यकर्ती व्हाउचर लिहिणार मराठीत, ऑडिटरला सगळं इंग्रजीत पाहिजे. सरकारी अनुदानाचं पत्रही कन्नडच. मी मराठी शाळेत शिकलेली. बिलांवरचे कन्नड आकडे ओळखायला लागले, मग दुकानाचं नाव, मग हळूहळू पत्रं. दुसऱ्याला वाचायला देऊन ‘काय लिहिलंय’ विचारत राहिलात तर सही तुमची आणि वाचन दुसऱ्याचं, असं होतं. ते हिशेबाच्या माणसाला परवडत नाही.

पगार कमी असतो, ते खरं. घरात कर्ज असेल तर आधी दोन-तीन वर्षं कारखाना करा, त्यात कमीपणा नाही.

आणि मुलाखतीत एक विचाराच, पगार पूर्ण बँकेत जमा होतो ना? माझ्या पहिल्या नोकरीत रजिस्टरवर सही एका आकड्यावर व्हायची आणि त्यातले काही पैसे ‘देणगी’ म्हणून रोख परत द्यावे लागायचे. मी आठ महिने गप्प राहून ती रजिस्टरं लिहिली. तुमच्या समोर असं आलं तर पहिल्याच महिन्यात बाहेर पडा. बेळगावात नीट हिशेब ठेवणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांना माणसं मिळत नाहीत.