लेक फोन पालथा ठेवू लागली की

ताई, लेक तेरा वर्षांची झाली ना? मग "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हे वाक्य आधी गिळा. भीती आम्हालाही होती. १२ मार्च १९९३, शुक्रवार, मुंबईत बॉम्बस्फोट झाले तो दिवस. बाबा फोर्टातून चालत येईपर्यंत आई गॅलरीचा कठडा धरून उभी होती. पण तिच्यासोबत अख्खी चाळ उभी होती! ह्या मुलांची भीती फोनमध्ये, एकट्याची. वर्गाच्या ग्रुपमधून काढलं म्हणून माझा मुलगा दादरच्या पुलावर रडला, मी हसले. पुढे सहा महिने त्याने काही म्हणून सांगितलं नाही. फोन हिसकावू नका. समोर बसवून चौकशी तर नकोच. भाजी निवडताना सहज विचारा. झोप-जेवण उडालं तर टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.