अशोकाची साल खरी आहे की नाही, हे डीएनएवरून कळते का?

मुंबईच्या बाजारातून आणलेली साल खऱ्या अशोकाची आहे की सोसायट्यांच्या कुंपणालगत उंच वाढणाऱ्या खोट्या अशोकाची, हे डीएनए तपासून ठरवता येईल का, असे आपण विचारले आहे. सालीचे अखंड तुकडे असतील, तर बहुधा येईल. वनस्पतींच्या अशाच तपासण्या करणे हे माझे काम असल्याने घोडे कुठे अडते तेही सांगतो.

नावे सारखी असली तरी या दोन झाडांचे नाते फार दूरचे आहे. खरा अशोक, म्हणजे सीतेचा अशोक, शेंगवर्गीय कुळातला, तर खोटा अशोक सीताफळाच्या कुळातला. त्यामुळे हरितलवकातील (पेशीतल्या हिरव्या कणांतील) ‘आरबीसीएल’ या एका जनुकाचा तुकडा वाचला, म्हणजे त्यातील डीएनएच्या अक्षरांचा क्रम काढला, तरी फरक स्पष्ट दिसतो. एकाच प्रजातीतल्या (जीनसमधल्या) जवळच्या जातींचे (स्पीशीजचे) मात्र असे नसते. २००९ मध्ये वनस्पतींसाठी प्रमाण म्हणून सुचवलेल्या ‘आरबीसीएल’ आणि ‘मॅटके’ या जनुकांच्या जोडीलाही, ती सुचवणाऱ्या अभ्यासात, सुमारे ७२ टक्केच जाती वेगळ्या ओळखता आल्या होत्या.

खरी कटकट सालीचीच असते. द्रव नायट्रोजनमध्ये कुटलेली साल डीएनए वेगळा काढण्यासाठी ‘सीटॅब’ या रसायनाच्या द्रावणात टाकली की टॅनिनमुळे द्रावण तपकिरी आणि चिकट होते, आणि ती घाण डीएनएसोबत राहिली तर पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, चालतच नाही. म्हणून मी बुरशी आणि दगडफुलाने माखलेला वरचा थर खरवडून आतलाच भाग घेतो. पूड असेल आणि तिच्यात दोन झाडे मिसळलेली असतील, तर साध्या वाचनाच्या आलेखात डीएनएच्या अक्षरांची शिखरे एकमेकांवर चढतात. मग मिश्रणातले तुकडे वेगवेगळे वाचणारी महागडी पद्धत वापरावी लागते. काढा किंवा अर्क मात्र डीएनएसाठी पाठवूच नये. उकळल्याने आणि गाळल्याने त्यात वाचण्याजोगे फारसे उरत नाही. तिथे रासायनिक तपासणीच बरी.

शिवाय वाचलेला क्रम शेवटी कशाशी तरी जुळवायचा असतो, आणि तो संदर्भनमुना मुळात कुणीतरी पाने-फुले पाहूनच ओळखलेला असतो. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लाटर हर्बेरियमसारख्या, वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहांचे मोल यासाठीच आहे. संदर्भावरची चिठ्ठी चुकलेली असेल, तर यंत्र कितीही अचूक असले तरी उत्तर चुकणारच. तेव्हा प्रयोगशाळेला नुसते ‘जुळले का’ असे न विचारता, कोणत्या संग्रहातील नमुन्याशी जुळवले तेही अहवालात लिहून मागावे.

आणि साल काढलेले झाडच पाहायला मिळणार असेल, तर तपासणीचा खर्च वाचवा : सीतेच्या अशोकाचे पान संयुक्त (एका देठावर अनेक पर्णिका असलेले) आणि फुलांचे गुच्छ नारिंगी-लाल असतात, तर खोट्या अशोकाचे पान साधे, लांबट आणि नागमोडी कडेचे असते.