दागिन्यांच्या फोटोसाठी स्टँड घेताना वजनाला घाबरू नका

तुम्ही विचारलंय की घरातल्या एका खोलीत दागिने आणि साड्यांच्या फोटोंसाठी छोटा स्टुडिओ करतोय, दीड-दोन हजारांचा ट्रायपॉड चालेल का. मोबाईलला चालेल, पण कॅमेऱ्याला १०० एमएमची मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक वस्तू जवळून मोठी दाखवणारी, लावली की नाही चालणार. मी कोल्हापुरात गुजरीतल्या सराफांची कामं करतो, ठुशी, साज, नथ सगळं, आणि सुरुवातीला मीपण तसलाच हलका स्टँड घेतला होता. एका दिवसात चाळीसेक नग काढले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसत होतं, घरी येऊन कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं तर ठुशीचे मणी एकमेकांत मिसळलेले, सेंटर कॉलम, म्हणजे स्टँडची मधली वर-खाली होणारी नळी, पूर्ण वर काढलेला आणि वर पंखा चालू, मग दुसरं काय होणार. सराफांनी माल पुन्हा फोटो काढायला दिला म्हणून निभावलं.

एलईडीच्या लाइटवर एफ/११ (लेन्सचं छिद्र लहान) आणि आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता कमी) ठेवलं की शटर १/४ नाहीतर १/२ सेकंद उघडं राहतं आणि तेवढ्यात जरासा हादरासुद्धा फोटोत उतरतो. फ्लॅशवर हा त्रास बराच कमी.

लोक कार्बन फायबर घ्या म्हणतात, ते डोंगरावर पाठीवरून न्यायचं असेल तर. स्टुडिओत जड ॲल्युमिनियमच घ्या आणि वाचलेले पैसे हेडवर, म्हणजे कॅमेरा बसतो त्या वरच्या भागावर, घाला. पाय तीन भागांचेच बघा, चार-पाच भाग असले की खालची नळी काडीसारखी बारीक होते. मॅनफ्रोटो कंपनीचा ०५५, तीन भागांचा ॲल्युमिनियमवाला, साधारण अडीच किलोचा आहे आणि त्याचा कॉलम आडवा होतो, साडी जमिनीवर पसरून वरून काढायला फार कामाचं, फक्त उलट्या बाजूला वजन लटकवा नाहीतर सगळं कॅमेऱ्यासकट पुढे कलंडेल. इतके किलो पेलतो हा डब्यावरचा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, त्यावरून दोन स्टँडची तुलना नका करू.

हेडचं मात्र नीट ऐका. साधं बॉल हेड, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे फिरणारं, लॉक केल्यावर किंचित मान टाकतं, आणि मॅक्रोमध्ये तेवढ्यानं नथ फ्रेमच्या कडेला जाते. बजेट असेल तर गिअर्ड हेड, नॉब फिरवून केसभर सरकवता येतं, नसेल तर थ्री-वे, म्हणजे तिन्ही दिशांना वेगवेगळं फिरवून लॉक होणारं. पण पाय आणि हेड वेगळे होणारेच घ्या, मध्ये ३/८ इंचाचा स्क्रू असतो, म्हणजे हेड नंतर बदलता येतं.

दुकानात स्वतःचा कॅमेरा आणि लेन्स घेऊन जा, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचं चालू चित्र, १० पट झूम करा आणि पायाला बोटानं टिचकी मारा, चित्र लगेच शांत झालं तर घ्या, थरथरतच राहिलं तर दुसरा दाखवा म्हणा.

आणि घरी शूट करताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हातातला हादरा सावरणारी सोय) बंद, २ सेकंदाचा टायमर चालू, पंखा बंद, आणि तिन्ही पायांखाली फरशीवर टेपच्या खुणा, म्हणजे दुसऱ्या दिवशी उरलेले नग त्याच अँगलनं काढता येतात.